ताईच्या न्हाणीघरातली जाळी

इमारतींमधली ऊब बाहेर पळू नये, विजेचं बिल फुगू नये, म्हणून खिडक्या-दारांच्या फटी फोमने बुजवायच्या, हा त्याचा धंदा. सगळे त्याला फटवालाच म्हणत. माणूस भारी हट्टी. कुणाकडे पाहुणा गेला तरी चहाच्या आधी याचा हात खिडकीच्या चौकटीवरून फिरायचा. थोरल्या ताईशी तर त्याचं नेहमी वाजायचं. ती एकटी राहायची आणि ऐन थंडीतही तिला खिडकी किलकिली लागायची.

रविवारी त्याने ताईचं घर फुकटात बुजवून दिलं. गप्पांच्या नादात, फुशारकीच्या भरात एकही भोक सोडलं नाही.

सोमवारी सकाळी एका गिऱ्हाइकाच्या न्हाणीघरात तो ऐटीत सांगत होता, "ही वरची जाळी मात्र उघडीच ठेवायची हं. खाली गॅसचा गिझर आहे. त्याचा विषारी वायू आत कोंडला, तर आंघोळीला गेलेला माणूस..."

त्याला एकदम ताईचं न्हाणीघर आठवलं. ताईकडेही गॅसचाच गिझर होता. तिची जाळी त्याने काल स्वतःच्या हाताने भरली होती. आणि ही तिच्या आंघोळीची वेळ.

त्याने तिला लावलेला फोन वाजून वाजून बंद झाला. हत्यारं तिथेच टाकून तो धावत सुटला. आई गेल्यावर याच ताईने त्याला लहानाचा मोठा केला होता. दोन रस्ते ओलांडून तो तिच्या इमारतीत शिरला. लिफ्टची वाट बघण्याइतका धीर नव्हता. चार जिने चढून त्याने आपल्याजवळच्या किल्लीने दार उघडलं.

न्हाणीघराला आतून कडी. आत पाणी वाहत होतं.

"ताई! अगं ताई!"

त्याने दारावर धाडधाड थापा मारल्या. खांद्याने दार फोडायला तो मागे सरकला.

"काय रे, आंघोळ तरी करू देशील का सुखाने?"

ताई केस पुसत बाहेर आली, तेव्हा तो भिंतीला टेकून खाली बसला होता. "ती जाळी..." एवढंच कसंबसं म्हणाला.

ताई ओशाळली. "कालच काढला रे तो फोम. तुझी पाठ वळल्यावर सुरीने खरवडला. कोंडल्यासारखं होतं मला. तुला सांगितलं असतं, तर फुगून बसला असतास."

तो लहान पोरासारखा रडला. मग डोळे पुसत उठला, खोलीत गेला आणि खिडकी सताड उघडली.

"अरे, ऊब जाईल ना सगळी!" ताई म्हणाली.

"जाऊ दे."