टोपली घेऊन ये

माझी धाकटी जाऊ निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी अजून रस्त्यात ती दिसली की चांगले टक्कल पडलेले बाप्ये खिशातले हात बाहेर काढून सरळ उभे राहतात. सगळं गाव तिला रबरबाई म्हणतं. शाळेत ती चित्रकला शिकवायची आणि वर्गात खोडरबर दिसलं की जप्त करायची. "चुकलेली रेघ दिसू दे. शेजारी दुसरी मार. झाकायला तो काय गुन्हा आहे?" पालक तक्रार घेऊन यायचे, मुख्याध्यापक कपाळाला हात लावायचे, आणि ही बया शांतपणे चष्मा पुसत बसायची.

पण मी लिहायला बसलेय ते या रबरांसाठी नाही. माझ्या नातीच्या कॉलेजप्रवेशाच्या आठवड्यात हिने आमच्या घरावर जे उपकार केले, ते कुठेतरी मांडून ठेवायला हवेत. उपकार हा शब्द तिला आवडणार नाही. न आवडू दे. लिहितेय मी.

आधी ती कशी घडली ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. विद्यापीठात गेली तेव्हा तिने पेंटिंगला नाव घातलं. का? तर जिवलग मैत्रीण पेंटिंगला गेली म्हणून. हॉस्टेलची खोली एक, ब्रश एक, तेल लावायची बाटली एक, मग विषयही एक. वर्षभर तिने म्हातारे, घोडे, खिडकीतली फुलदाणी असं काय काय रंगवलं आणि गुण मिळवले बेताचेच. वर्ष संपल्यावर खोली आवरताना तिने कोपऱ्यातली कचऱ्याची टोपली जमिनीवर उपडी केली. बघते तर फेकलेल्या कागदांच्या पाठीवर, वर्तमानपत्राच्या कडेला, औषधाच्या पुडीवरसुद्धा नक्षी. वेलीचं एकच पान, तेच पान वळवून, पुन्हा तेच, आणि एक नक्षी संपून दुसरी सुरू होते ती जोड दिसू नये म्हणून केलेली सगळी खटपट. मैत्रीण दारात उभी होती. म्हणाली, "अगं, हा कचरा जर तुझा, तर भिंतीवरची चित्रं कुणाची?"

ही सामान तिथेच टाकून ऑफिसात गेली आणि टेक्स्टाइल डिझाइनला बदलून घेतलं. एक वर्ष वाया गेलं असं तिचे वडील म्हणायचे. ती म्हणते, वाया नाही, खर्ची पडलं.

पुढे ती कापडगिरणीत लागली. माझ्या दिराशी लग्न ठरलं तेव्हा पहिल्यांदा आमच्याकडे आली, आणि नव्या माणसाशी काय बोलावं ते मला सुचेना, म्हणून मी पलंगावरच्या चादरीपासून सुरुवात केली.

"बघ ना, या गिरणीवाल्यांना डोळे नसतात का? कडेच्या फुलाचं मुंडकंच उडवलंय."

तिने वाकून कड हातात घेतली. "मुंडकं कापणाऱ्याने उडवलंय, वहिनी. फूल माझं आहे."

आयुष्यात मी फार थोड्या वेळा गप्प बसलेय, त्यातली ही एक. मग आम्ही दोघी इतक्या हसलो, की सासूबाई बाहेरून विचारायला आल्या. तेव्हापासून आमचं मेतकूट जमलं ते आजतागायत.

गिरणी बंद पडल्यावर ती शाळेत आली. दरवर्षी शेवटच्या वर्गातली दोन-चार मुलं तिच्या मागे लागायची. बाई, फाइन आर्टला जाऊ की डिझाइनला? बाई, शिल्पकला की सिरॅमिक? ती एकच सांगायची : "पोर्टफोलिओ घरी ठेव. टोपली घेऊन ये." म्हणजे काढून नको झालेले, चुरगळून फेकलेले कागद. तिचं म्हणणं असं, की पोर्टफोलिओ हा लग्नातला फोटो, त्यात सगळेच बरे दिसतात. माणूस घरात कसं वावरतं ते टोपलीत दिसतं. मुलं लाजत लाजत पिशव्या भरून कचरा आणायची. ती तो जमिनीवर पसरायची, बघायची, दोन प्रश्न विचारायची, आणि मुलं आपापली वाट घेऊन जायची.

आता माझी नात. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून तिला ठिपका म्हणायला लागलो, आता दाराच्या चौकटीला डोकं लागायचं बाकी आहे, तरी ठिपकाच. कळायला लागल्यापासून ती सगळ्यांना सांगत आलेली, मी चित्रकार होणार. तिला दोन ठिकाणी जागा मिळाली. एका विद्यापीठात पेंटिंगला, दुसऱ्यात कम्युनिकेशन डिझाइनला, म्हणजे पोस्टर, पुस्तकांची मांडणी, बघणाऱ्याला चटकन कळेल असं काहीही. शुक्रवारपर्यंत एक पक्की करायची होती. माझा मुलगा डिझाइनच्या बाजूने. "पुढे निदान नोकरी तरी मिळेल." सून म्हणत होती, तिला हवं ते करू दे. आणि जिला करायचं होतं, ती जेवणाच्या ताटावर मान खाली घालून बसायची. पेंटिंगची जागा मिळाली त्या दिवशी उड्या मारायला हव्या होत्या की नाही? उलट पोरीची भूकच गेली.

रविवारी मी तिला शेवटी विचारलं, "काय ते एकदाचं बोल. पेंटिंग हवंय ना? मग घे. बापाला मी बघते."

"हवंय गं आजी." आणि मग हळूच, "बहुतेक."

या 'बहुतेक'चं काय करायचं ते मला येत नाही. मी अर्थशास्त्र शिकलेली बाई. मी तिला उचलून समोरच्या इमारतीत रबरबाईकडे नेलं.

"मंगळवारी टोपली घेऊन ये," रबरबाई म्हणाली.

घरी येऊन पोरगी टोपलीत डोकावली आणि रडायलाच लागली. टोपली स्वच्छ. माझी सून इतकी टापटिपीची, की कागद टोपलीत पडून थंडही होत नाही तोवर खाली कचऱ्याच्या डब्यात. "धाकट्या आजीला काय दाखवू? तिला वाटेल मी काही काढतच नाही!"

"सांग तिला, आईने टाकलं."

"सगळी मुलं नेतात आणि मी एकटी हात हलवत जाऊ?"

मग तिने खोलीचं दार लावून घेतलं. सोमवारभर आत काय चाललं होतं कळेना. मध्येच इस्त्री मागून नेली. मध्येच तिच्या आईने चहाचं पातेलं कुठे गेलं म्हणून घर डोक्यावर घेतलं. जेवायला हाक मारली तर आतून "आले" आणि आली नाही ती नाहीच.

मंगळवारी सकाळी आम्ही गेलो. टोपली काठोकाठ. रबरबाईने जुनी चादर अंथरली, टोपली उपडी केली आणि बुटक्या स्टुलावर बसून एकेक कागद उलगडायला लागली. अर्धवट चेहरे, हात, सायकल, मांजर, मध्येच रागाने मारलेली काट, फाडून पुन्हा जोडलेला एक कागद. मला तर बघून अभिमानच वाटला.

रबरबाईने एक कागद नाकाशी नेला. "हा चहा कुणी सांडला?"

"माझ्याच हातून."

"तू चहा कधीपासून प्यायला लागलीस?"

ठिपका टोपलीची सुटलेली काडी आत खोचायला लागली.

"आणि हे तळातले कागद जुने दिसतायत. पिवळे पडलेत. तुझ्या आईच्या घरात कागद पिवळा पडेपर्यंत टिकला, हे मला पटत नाही बाई."

आता मला इस्त्रीही कळली आणि पातेलंही. मी हसू दाबायला पदर तोंडाशी धरला. पोरीचे कान लाल झाले.

"चहाच्या पाण्यात बुडवले," ती पुटपुटली. "मग इस्त्री केली."

मला वाटलं, आता रबरबाई फाडून खाणार. शाळेत तिने यापेक्षा कमी लबाडीवर मुलं वर्गाबाहेर काढली होती. पण ती पुढे वाकली. "आणि तळातला हात इतका कच्चा कसा गं?"

"डाव्या हाताने काढले. म्हणजे लहान असतानाचे वाटावेत."

"मग तो फाडलेला?"

"तो मध्यावर ठेवला होता. कारण सगळे कागद नुसतेच चुरगळलेले असते तर तू वरवर बघितलं असतंस. मध्येच एक फाटलेला आला की हात थांबतो. आणि त्याच्या खाली मांजर, कारण तुला मांजरं आवडतात. आणि काट मारलेले तीनच, जास्त मारले तर खोटं वाटतं..." पोरगी बोलत सुटली. गुडघ्यांवर बसून कागद पुन्हा थरांत लावून दाखवायला लागली, कुठला आधी दिसेल, कुठला नंतर, बघणाऱ्याला काय वाटेल. महिनाभरात तिचा एवढा मोकळा आवाज मी ऐकला नव्हता. मध्येच तिच्या लक्षात आलं आपण काय बोलतोय, आणि ती गप्पकन थांबली. "सॉरी, धाकटी आजी."

"सॉरी राहू दे. जेवलीस का काल?"

"नाही. लक्षातच आलं नाही."

रबरबाईने चष्मा काढून पुसला. "माझी ती हॉस्टेलची मैत्रीण अजून चित्रं काढते. कॅनव्हाससमोर बसली की दार फोडलं तरी उघडत नाही. बघणारा कोण, तो काय म्हणेल, तिच्या गावीही नसतं. फार मोठी बाई आहे. तू दिवसभर या कागदांत होतीस ना? यातल्या एका तरी चित्राचा विचार केलास, की माझाच केलास?"

ठिपकाने मांजराचा कागद उचलला, परत खाली ठेवला. मग डोळे भरून आले. "पण मी सगळ्यांना सांगितलंय मी चित्रकार होणार. आणि मी डिझाइन घेतलं तर बाबा जिंकणार!"

आत्ता कुठे गाठ सुटली. मी तोंड उघडलं, पण रबरबाईने हातानेच मला गप्प केलं.

"तुझा बाप चुकूनमाकून बरोबर निघाला, त्यात त्याचा काय दोष? त्याने नोकरीसाठी सांगितलं. तू त्यासाठी घेऊ नकोस. आणि चित्रं काढायला तुला कोण अडवतंय? रविवारी काढ, दुपारी काढ. पण मी म्हणते म्हणून काही करू नकोस हं. मी एकदा मैत्रिणीचं ऐकून पाहिलंय."

पोरीने नाक पुसलं. एकेक कागद टोपलीत टाकला. मग म्हणाली, "मला डिझाइन हवंय." 'बहुतेक' नव्हतं त्यात. मी कान देऊन ऐकत होते.

"मग आत्ता फोन कर."

"शुक्रवारपर्यंत वेळ आहे की."

"तुला आहे. पेंटिंगच्या रांगेत तुझ्यामागे कुणीतरी नखं खात बसलंय, त्याला नाही. जागा अडवून ठेवू नये."

तिने तिथेच उभी राहून पेंटिंग विभागाला फोन लावला. पहिल्यांदा वाक्य चुकलं, पण 'मी जागा सोडतेय' हे पुरं सांगितलं. पलीकडच्या बाईंनी तिचे इतके आभार मानले, की ती आमच्याकडे बघून ओशाळं हसली. नंतर बापाला फोन. "बाबा, मी डिझाइन घेतेय. तुम्ही सांगितलं म्हणून नाही." तिकडून काय आलं ते मला ऐकू आलं : "बरं बाई. माझं नाव कुठे येऊ देऊ नकोस." आणि मग, "तू खूश आहेस ना?"

"हो," ठिपका म्हणाली, आणि भूक लागली म्हणून रबरबाईच्या स्वयंपाकघरात शिरली.

आम्ही दोघी मागे राहिलो. मी कुणाचे आभार मानायच्या भानगडीत सहसा पडत नाही. वेळ जातो आणि समोरचं माणूस उगाच अवघडतं. पण त्या दिवशी म्हटलं, "तू आमच्या घरात आलीस ते फार बरं झालं गं."

"इतक्या वर्षांनी कळलं का, वहिनी?"

"कळलं पहिल्याच दिवशी. सांगायला सवड मिळाली नव्हती."

तिने चादर झटकायला घेतली. मी दुसरं टोक धरलं, आणि आम्ही दोघींनी मिळून तिची घडी घातली.