ही भाषा तुमची वाटत नाही

मुलगी युनिव्हर्सिटीसाठी मँचेस्टरला गेली आणि लंडनच्या हॅरो भागातल्या आमच्या घरातली वरची खोली रिकामी झाली. ती रिकामी खोली मला काही केल्या सहन होईना. मी जवळच्याच प्रायमरी स्कूलमध्ये टीचिंग असिस्टंट आहे. कामावरून आले की उगाच वर जायचे, खिडकी उघडायचे, लावायचे, खाली यायचे, परत वर जायचे. शेवटी नवराच म्हणाला, "अगं, एखादी स्टुडंट ठेव तिथे. नाहीतर तू हा जिना झिजवून टाकशील."

आली ती एक चिनी मुलगी. लंडनमध्ये टाउन प्लॅनिंगचं मास्टर्स करायला आलेली, बारीक चणीची, केस कानापर्यंत कापलेले. शाळेत भूगोलात आम्ही पाठ केलेली ह्वांग हो नदी तिच्या घराच्या खिडकीतून दिसायची. दारात उभी राहून ती म्हणाली, "आयी." मी दचकले. मग तिने इंग्रजीत समजावलं, की आईच्या वयाच्या बाईला त्यांच्याकडे आयी म्हणतात. म्हणजे मावशीच. पण माझ्या कानाला ते 'आई' असंच ऐकू यायचं आणि हातातलं काम थांबायचं. मुलीला फोनवर सांगितलं तर ती हसत सुटली. "आई, ती तुला आई म्हणतो?" आमच्या मुलीचं मराठी हे असं. प्रेम भरपूर, स्त्रीलिंग-पुल्लिंगाचा मात्र पत्ता नाही.

या मुलीला एका जागी बसवत नसे. जेवायची ती ओट्याशी उभी राहून. वाचायची खोलीत येरझाऱ्या घालत, आणि किचनमध्ये माझ्या डोक्यावर लाकडी फ्लोअर कुरकुरत राहायचा. शनिवारी तर घराबाहेरच. हॅरोहून चालत स्टॅनमोर, येताना दुसऱ्या रस्त्याने. मलाही घरात चैन पडत नव्हतं, म्हणून मीही अधूनमधून तिच्याबरोबर जायला लागले.

ती बाकं बघत फिरायची. हाय स्ट्रीटवर, पार्कमध्ये, लायब्ररीसमोर बसायची बाकं कुठे आहेत, कोण बसतं, कौन्सिलने कुठली काढून टाकली. तिच्या निबंधाचा विषयच तो होता. तिच्या गावी म्हणे संध्याकाळी म्हातारी माणसं आपापल्या घरातून छोटी स्टुलं घेऊन खाली उतरतात आणि बिल्डिंगसमोर बसतात. "आयी, इथली म्हातारी माणसं कुठे बसतात?" तिने विचारलं. वीसेक वर्षं मी इथे राहते, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

एका बसस्टॉपवर एक गुजराती आजोबा दिसायचे. तिने मला पुढे केलं. माझ्या मोडक्या गुजरातीत मी विचारलं, तर ते म्हणाले, "समोर बाक होतं ते काढलं. मग मी इथे बसतो. बस आली की हात करत नाही. ड्रायव्हर ओळखतात आता." मी भाषांतर करून सांगितल्यावर ती एवढ्या मोठ्याने हसली की आजोबाही हसले. घरी येईपर्यंत ती तेच वाक्य इंग्रजीत चार तऱ्हांनी जुळवून बघत होती.

ती लिहायची तशीच. आधी एक वाक्य, मग ते मोडून दुसरं, मग शब्दकोश, मग परत पहिलं. मला विचारायची, "यात 'अ' की 'द'?" मी सांगायचे, "मलाही कधीकधी कळत नाही गं."

निबंध दिला आणि काही आठवड्यांनी, फेब्रुवारीतल्या एका दुपारी ती लॅपटॉप घेऊन खाली आली. माझे हात कणकेत होते. "आयी, हे वाचा. मला समजलं ते बरोबर आहे का, एवढंच सांगा."

युनिव्हर्सिटीचा ईमेल होता. अगदी सभ्य भाषेत लिहिलं होतं, की निबंध तुम्ही स्वतः लिहिला नसावा, मशीनकडून लिहून घेतला असावा, असा संशय आहे. लेखनातली भाषा तुमची वाटत नाही. वर्गात तुम्ही जे इंग्रजी बोलता त्याच्याशी ती जुळत नाही. चौकशीच्या मीटिंगला या, सोबत एक व्यक्ती आणू शकता.

मी दोनदा वाचलं. "तुला समजलं ते बरोबर आहे," मी म्हणाले.

तिने लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "वर्गात मी बोलत नाही. वाक्य तयार होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो."

मीटिंगची तारीख बरीच पुढची होती. मधले दिवस आमच्या घरात कोणी धड बसलं नाही. तिने आधी किचनची कपाटं पुसून काढली, मग फ्रिजमागची भिंत. लेक्चर्सना जायची, पण ट्रेनमधून मधल्याच स्टेशनवर उतरून चालत परत यायची. मी विचारलं तर म्हणायची, "डब्यात बसवत नाही." मीही शाळेत पोरांचं वाचन घेता घेता फोन बघायचे. नवरा म्हणायचा, "तिने लिहिलंय ना? मग झालं तर." झालं तर काय! मी त्याच्यावर उगाचच चिडायचे.

सगळ्यात अवघड होता सकाळचा व्हिडिओ कॉल. तिची आई रोज फोन करायची. तिकडे तेव्हा दुपार असायची. ही क्लासला निघाल्यासारखी कोट घालून, केस नीट करून फोनसमोर उभी राहायची, हसत बोलायची, आणि कॉल संपला की चेहरा असा उतरायचा की माझ्याने बघवायचं नाही. कधीकधी तिची आई मला बोलवायला सांगायची. आम्हा दोघींना एकमेकींच्या भाषेतलं एक अक्षरही येत नव्हतं. ती वाफवलेले पाव दाखवायची, मी तव्यावरची पोळी दाखवायचे, आणि दोघी मान डोलवायचो. तिच्या पोरीवर काय आलंय ते मला माहीत होतं आणि तिला नव्हतं. पोळी करपायची.

"सांग ना तिला," मी म्हटलं.

"सांगितलं तर ती झोपणार नाही. इथे मी झोपत नाही, तेवढं पुरे आहे."

मग एकदा जिन्यातच थांबून तिने विचारलं, "आयी, माझ्याबरोबर याल?"

"मी? मी काय बोलणार तिथे?"

"तुम्ही बोलायचं नाही. नियम आहे. फक्त बसायचं."

शाळेतून सुट्टी घेऊन मी गेले. खोली लहान होती. टेबलापलीकडे तिघं: अध्यक्ष म्हणून एक उंच गृहस्थ, एक तरुण प्राध्यापक आणि एक चष्मेवाल्या बाई. टेबलावर पाण्याचा जग आणि टिश्यूचा डबा. तो डबा बघूनच मला कसंतरी झालं. म्हणजे इथे माणसं रडतात, हे त्यांना आधीच माहीत होतं.

तरुण प्राध्यापकाने तिच्या निबंधातलं एक वाक्य वाचलं. रस्त्याला उष्ण गोंगाट असायला हवा, अशा अर्थाचं काहीतरी. "असं इंग्रजीत कोणी म्हणत नाही," तो म्हणाला, "आणि पुढचा परिच्छेद मात्र अगदी सफाईदार आहे. हे कसं?"

मला तिचे ओठ हलताना दिसत होते. वाक्य तयार होत होतं. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की मी हिच्याबरोबर पावसात हिंडलेय, मी ते आजोबा पाहिलेत. मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"मला वेळ लागतो," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही थांबलात तर मी सांगते."

"टेक युवर टाइम," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पेन खाली ठेवलं.

मग ती बोलायला लागली. तिच्या भाषेत गरम आणि गोंगाट असे दोन शब्द जोडून एक शब्द होतो. माणसांनी भरलेल्या, हव्याहव्याशा जागेसाठी तो वापरतात. इंग्रजीत तो तिला सापडला नाही, म्हणून तिने तो तसाच उचलून ठेवला. मला मनातल्या मनात आपला शब्द सापडला, गजबज, पण मी बोलायचं नव्हतं. पुढचा परिच्छेद सफाईदार होता, कारण तो तिने कितीतरी वेळा लिहिला होता. बोलता बोलता ती उठलीच. भिंतीशी ठेवलेल्या दोन खुर्च्या तिने ओढल्या, मधली मोकळी जागा रस्ता समजून तिकडे तोंड करून मांडल्या, मग एकमेकींकडे वळवल्या. "असं ठेवलं की माणसं गाड्या बघतात. असं ठेवलं की बोलतात." मग तिने बसस्टॉपवरच्या आजोबांची गोष्ट सांगितली. क्रियापदं चुकत होती, पण ती थांबत नव्हती. चष्मेवाल्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, "माझे वडीलही असंच काहीतरी करतात." तरुण प्राध्यापक मात्र खाली बघून लिहीत राहिला.

बाहेर पडल्यावर ती स्टेशनपर्यंत एवढ्या झपाझप चालली की मला जवळजवळ पळावं लागलं.

निकाल काही दिवसांनी आला. आरोपात तथ्य आढळलं नाही. सॉरीचा शब्द नव्हता. मी शिरा केला, नवऱ्याने टाळी वाजवली. तिने दोन चमचे खाल्ले आणि वर गेली. फ्लोअर कुरकुरायला लागला.

मला वाटलं होतं, आता शांत होईल. पण तिची घालमेल वाढलीच. एकदा मी चहा घेऊन वर गेले, तर ती पुढच्या असाइनमेंटमध्ये लिहिलेलं चांगलं वाक्य बिघडवत होती. 'द' काढला, एका क्रियापदाचा काळ बदलला.

"हे काय करतेस?"

"चुका ठेवतेय. म्हणजे मी लिहिलंय असं वाटेल."

मला इतका राग आला की कप टेबलावर आपटला गेला. "एवढं शिकलीस ते मुद्दाम खराब लिहायला?"

"हे तुमचंच का, असं तुम्हाला कोणी विचारत नाही, आयी," ती म्हणाली. आवाज चढवून नाही, नुसतं म्हणाली. मी खाली आले. तिचं चुकलं असं मला म्हणता येईना, आणि बरोबर आहे असंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा कॉल आला. तिने कोट घातला नव्हता. किचनच्या टेबलाशी खुर्ची ओढून ती बसली. आमच्या घरात तिला बसून बोलताना मी पहिल्यांदाच पाहिलं. बराच वेळ ती एकटीच बोलत होती. मग एकदम आईचा आवाज फुटला, मोठा, भरभर, संतापलेला. ही मध्येच रडत होती, मध्येच हसत होती. मी गॅस बंद करून उभी राहिले.

शेवटी तिने फोन माझ्याकडे वळवला. "आई विचारतेय, त्या खोलीत तुम्ही कुठे बसला होतात?"

"तिच्या शेजारी," मी म्हणाले. "उजव्या बाजूला."

भाषांतर झालं. पडद्यावरच्या त्या बाईने डोळे पुसले आणि मान हलवली. या वेळी आमच्या दोघींच्याही हातात दाखवायला काही नव्हतं.

सप्टेंबरमध्ये तिने प्रबंध दिला. मी विचारलं, "चुका ठेवल्यास का?"

"ठेवल्या होत्या. मग सगळ्या काढल्या," ती म्हणाली. "मग एक परत ठेवली."

कुठली ते तिने सांगितलं नाही. डिग्री मिळाली, पण समारंभाला ती थांबली नाही. दक्षिण चीनमधल्या एका शहरात, नगररचनेच्या ऑफिसात तिला नोकरी लागली. तिथून ती फोटो पाठवते, बहुतेक झाडांचे आणि फूटपाथचे. आमच्या मुलीने शिक्षण संपवून मँचेस्टरमध्येच नोकरी धरलीय. मी शनिवारी अजून स्टॅनमोरपर्यंत चालते. आजकाल नवराही येतो. गुडघे दुखतात म्हणतो, बसायला जागा शोधतो, आणि मग आम्ही दोघं बराच वेळ शोधत राहतो.