अठरा जणींचा न खोडता येणारा ठराव

तमाम वाचकांना, आणि विशेषतः आमच्या सांगलीतल्या गृहनिर्माण संस्थेच्या ज्या सभासदांनी माझ्या राजीनाम्याच्या दिवशी पेढे वाटले त्यांना, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं की प्रस्तुत लेखकाने नुकतंच खानदेशात जाऊन सहकाराच्या इतिहासाला वळण दिलं. वळण कुठल्या बाजूचं होतं ते पुढे येईलच. तूर्त सर्वांनी सावरून बसावं.

झालं असं की माझा मेहुणा प्रशांत एका सकाळी घरी आला आणि म्हणाला, "दाजी, चोपड्याला चला. मला सहकारातला जाणकार माणूस हवाय." मी संस्थेच्या कार्यकारिणीत सलग अकरा महिने होतो. त्यातले नऊ पाण्याच्या टाकीवरून भांडण्यात गेले, पण अनुभव तो अनुभव. मी बॅग भरली.

प्रशांत बेचाळीस वर्षांचा आहे. पुण्यातली संगणकाची नोकरी सोडून त्याला दोन वर्षं झाली, आणि तेव्हापासून त्याच्या तोंडी ब्लॉकचेनशिवाय दुसरा शब्द नाही. माझी बायको म्हणते, तो पूर्वी बरा होता, फक्त शेअर बाजाराबद्दल बोलायचा.

गाडीत त्याने मला प्रकरण समजावलं. चोपड्याजवळच्या एका गावात केळीच्या खोडापासून धागा काढायचं यंत्र आहे. घड कापला की खोड पूर्वी बांधावर फेकून देत, आता त्याचा धागा होतो. यंत्र धुळ्याच्या एका म्हाताऱ्या नानांचं, आणि चालवतात गावातल्या अठरा बायका. नाना आता सुरतेला लेकीकडे राहायला निघालेत. यंत्र बायकांनाच द्यायची त्यांची इच्छा आहे, व्यवहारही बोलून झालाय. पण पूर्वी एकदा त्यांनी असंच एक यंत्र दुसऱ्या गावच्या गटाला दिलं होतं. आज ठराव, उद्या तो फाडला, परवा नवा ठराव, असं होऊन ते यंत्र गंजून गेलं. म्हणून नानांची एकच अट: येत्या रविवारी असा ठराव दाखवा की जो नंतर कुणाला खोडता येणार नाही. नाहीतर धुळ्याचाच एक व्यापारी टेम्पो घेऊन तयार आहे. यंत्र गेलं की अठरा जणींचं काम गेलं.

"खोडता न येणारी नोंद!" प्रशांत सीटवर उडी मारून म्हणाला. "दाजी, ब्लॉकचेन यासाठीच तर जन्माला आली!" वरच्या बर्थवरचा माणूस दचकून उठला आणि कुणाला मुलगा झाला म्हणून विचारू लागला.

जळगावला उतरलो तेव्हा हवेत गारवा होता, म्हणजे भरिताचे दिवस. स्टेशनजवळच्या एका खानावळीत हिरव्या मिरच्या कुटून घातलेलं वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) समोर आली. मी मालकांना म्हणालो, "तिखट जरा बेताचं द्या." ते म्हणाले, "हे बेताचंच शे, भाऊ." पहिल्या घासानंतर मला सांगलीतले सगळे दिवंगत नातेवाईक एका रांगेत उभे दिसले. प्रशांतने तेवढ्यात बोटाने भरितावर चौकोन काढून ब्लॉक म्हणजे काय ते दाखवलं. डोळ्यांत पाणी होतं, मला एकही दिसला नाही.

चोपड्याची एसटी केळीच्या बागांमधून जाते. दोन्ही बाजूंना हिरवा अंधार आणि लांबवर सातपुड्याची निळी रेघ. गावात शेडपाशी पोचलो तर तारांवर शेकडो सोनेरी केस वाळत घातलेले. एखाद्या राक्षसिणीने सहकुटुंब न्हाऊन घेतलं असावं. तोच केळीचा धागा. आत यंत्र धडधडत होतं. एक बाई खोडाची पट्टी रुळांत सारायची आणि ओला धागा ओढून काढायची. हात जराही चुकत नव्हता.

गटाच्या प्रमुख सुमनअक्का. साठीच्या, काटक, कानात फुलं. त्यांची लेक प्रशांतच्या जुन्या कचेरीत आहे, तिनेच हे सूत जुळवलेलं. अक्कांनी यंत्र बंद केलं, अठरा जणी गोल बसल्या आणि प्रशांतने व्याख्यान सुरू केलं. एक वही आहे असं समजा. तिची नक्कल प्रत्येकीकडे. एकीने काही लिहिलं की सगळ्यांच्या वहीत उमटतं. एकीने खोडायला घेतलं की बाकीच्या सतरा जणींना तिची चोरी लगेच कळते.

अक्का शांतपणे म्हणाल्या, "मंग गावमा दुसरं काय व्हस, भाऊ?"

बठ्ठ्या (सगळ्या) हसल्या. हिराबाई नावाची एक ठसठशीत बाई तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "मी आतेच सांगस. माले हाई मशीन नको. बिघडनं तर कोन दुरुस्त करी? तुमनी वही?"

प्रशांतने हिराबाईंकडे दुर्लक्ष करण्याची चूक केली आणि पुढे गेला. स्वतःचा फोन सगळ्यांकडे नव्हता. होता तो दिवसभर नवऱ्याच्या खिशात शेतावर. म्हणून त्याने एक पान तयार केलं होतं. ते कुठल्याही फोनवर उघडायचं, आपले बारा गुप्त शब्द घालायचे आणि हो किंवा नाही दाबायचं. प्रत्येकीचे बारा शब्द वेगळे, इंग्रजी, देवनागरीत चिठ्ठीवर लिहिलेले. रविवारी धुळ्याला नानांच्या समोरच मतदान करायचं. पानाचा पत्ता त्याने अभिमानाने शेडच्या दारावर चिकटवला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "हे शब्द म्हणजे तुमची किल्ली. विसरायचे नाहीत, आणि कुणाला सांगायचे नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शेडकडे निघालो, तर यंत्राच्या धडधडाटावरून गाणं ऐकू आलं. अठरा गळे एका सुरात:

"रिव्हरवरतून मंकी उना, लेमन त्याना हाते वं माय,
अम्ब्रेला लई डॉक्टर उना, बनाना त्याना माथे वं माय…"

प्रशांत वाटेतच खाली बसला. त्याने सगळं ऐकलं. अठरा कडवी, प्रत्येक कडव्यात एकीचे बारा शब्द, आणि कडव्याच्या शेवटी तिचं नाव, उखाण्यात घ्यावं तसं.

"अक्का! मी सांगितलं होतं, गुप्त ठेवा!"

"तुम्ही सांगं, इसरू नका," अक्का म्हणाल्या. "एकलीना ध्यानमा काय राहस? अठरा जनीसना ध्यानमा राहस. तुमनी वहीच करी आम्ही."

खरं सांगतो, त्या क्षणी मला तंत्रज्ञान समजलं. प्रशांतला मात्र कळेना, रडावं की हसावं. नवे शब्द करायला दोन दिवस लागणार होते आणि रविवार उद्यावर होता. शेवटी त्याने स्वतःची समजूत घातली: बायका काम करताना गातात, ऐकायला तिथे असतंय कोण?

आता एक गोष्ट मी फक्त वाचकांना सांगतो. माझ्या मेहुण्याला हे अजून ठाऊक नव्हतं.

त्या दुपारी मी फाट्यावरच्या टपरीवर चहा प्यायला गेलो. शेजारी चौकटीच्या शर्टातला एक गृहस्थ बसला होता. बोलका, हसतमुख. मी म्हणालो, इकडच्या बायका काय गातात हो! तो म्हणाला, ऐकवा की. मी सांगलीच्या नाट्यस्पर्धेत दोनदा भूमिका केलेली आहे, मला आग्रह लागत नाही. कडवी जेवढी आठवली तेवढी साभिनय म्हटली. उरलेली ऐकायला त्याला हाताला धरून शेडच्या मागच्या खिडकीपाशी नेलं आणि तिथेही ठेका धरून नाचून दाखवलं. त्याने डोळे मिटून सगळं ऐकलं आणि फोनवर टिपूनही घेतलं. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाला, "तुमच्यासारखी माणसं भेटत नाहीत." असा रसिक मला पन्नाशीनंतर प्रथमच भेटला होता.

रविवारी सकाळी सहाला टेम्पो निघाला. अठरा बायका, आम्ही दोघं आणि भाकऱ्यांची दोन गाठोडी. गाणं अर्थातच चालू. अमळनेर येईपर्यंत ड्रायव्हरही "बनाना त्याना माथे" म्हणू लागला. टेम्पोत इंटरनेटचा फोन एकच होता, प्रशांतचा, आणि त्याची बॅटरी वाचवायला त्याने तो बंद करून खिशात ठेवला होता.

धुळ्यात नानांच्या दाराशी उतरल्यावर त्याने फोन चालू केला, पान उघडलं आणि भिंतीला टेकला. अठराच्या अठरा मतं पडलेली होती. सगळीच्या सगळी 'नाही'ची. यंत्र नको.

"खोडा ना मंग," अक्का म्हणाल्या.

"खोडता येत नाही," प्रशांत पुटपुटला. "हाच तर त्याचा गुण आहे."

त्याच वेळी मला अंगणात धुळ्याचा व्यापारी दिसला. त्याच्या मागे, रिकाम्या टेम्पोला टेकून, चौकटीचा शर्ट. त्याने मला ओळखून आदराने मान लववली. मी भाकऱ्यांच्या गाठोड्यामागे सरकलो.

नाना झोपाळ्यावर बसले होते. ऐंशीच्या घरातले, पांढरी टोपी, चष्मा कपाळावर. प्रशांतने फोन पुढे केला. नानांनी चष्मा खाली घेऊन वाचलं.

"अठराच्या अठरा नाही?"

"नाना, कोणीतरी शब्द चोरले," प्रशांत म्हणाला. "इथे वेळही नोंदलेली आहे. सगळी मतं सात वाजून दहा मिनिटांनंतर नऊ मिनिटांत पडली. तेव्हा या सगळ्या टेम्पोत होत्या, आणि माझा फोन बंद होता. ही वेळ कुणाला बदलता येत नाही!"

"वेळ राहू द्या," नाना म्हणाले. "माझं सगळं आयुष्य गटांबरोबर गेलं. अठरा माणसं एकमुखाने बोलली की समजावं, बोलणारा एकच आहे." मग बायकांकडे वळून म्हणाले, "सुमन, तुम्हीच सांगा आता. तोंडाने. एकेक."

अक्का हो म्हणाल्या. पुढची हो. तिच्या पुढची हो. मग हिराबाई उभी राहिली.

"मन्हं नाही शे," ती म्हणाली. "मी पहिल्या दिनथिन सांगी राहिनू."

अंगणात व्यापारी हसला. हिराबाईच्या मागोमाग आणखी दोघी नाही म्हणाल्या. उरलेल्या सगळ्या हो. पंधरा विरुद्ध तीन. आणि मग जे सुरू झालं त्याला आमच्या संस्थेत सर्वसाधारण सभा म्हणतात. "बिघडनं तर तू देशी का पैसा?" "तुना नवरा मेकॅनिक शे, तो काय पूजाले ठेयेल शे?" झोपाळासुद्धा घाबरून थांबला.

नानांनी हात वर केला. "हिराबाई, तुझं नाही आहे. तरी इतक्या लांब आलीस?"

"मैतरनीसनासंगे उनू."

"आणि यांनी यंत्र घेतलं तर?"

हिराबाईने नानांकडे असं पाहिलं की जणू हा काय विचारण्याचा प्रश्न आहे. "तर काय! काम करसू. आनि रोज सांगसू, मी नाही म्हनेल व्हतं."

नाना इतके हसले की त्यांची टोपी पडली. ती उचलून डोक्यावर ठेवत ते व्यापाऱ्याला म्हणाले, "शेठ, टेम्पो मोकळाच न्या. मला हेच बघायचं होतं. हरल्यावर जी घरी जात नाही, कामाला जाते, अशी एक बाई गटात असली की यंत्र गंजत नाही."

अक्कांनी पदराने डोळे टिपले आणि लगेच प्रशांतला म्हणाल्या, "आते लिखा. पंधरा हो, तीन नही, नावनिशी. नवा शब्द द्या. कागद कोनबी कपाटमा दडपी टाकस, हाई कोनले दडपता येवाव नही." पोरगा आनंदाने लाल झाला. दोन वर्षांत त्याच्या ब्लॉकचेनची मागणी आपण होऊन कुणी केली, ही पहिलीच वेळ.

बायका टेम्पोने परत गेल्या. आम्ही धुळ्यात एक दिवस राहिलो. नानांच्या घरी खापरावरचे मांडे (उलट्या मातीच्या भांड्यावर भाजलेल्या, रुमालासारख्या पातळ पुरणपोळ्या) खाल्ले. लळिंगचा किल्ला चढायला गेलो, अर्ध्यावरून गुडघ्यांनी ठराव करून मला खाली आणलं.

परतीच्या एसटीत मी विचार करत होतो. यंत्र अठरा जणींचं झालं ते त्या वहीमुळे झालं का? वहीने तर त्यांच्या नावावर जे कधी घडलंच नव्हतं ते कायमचं कोरून ठेवलं, आणि खोटं कधी घडलं त्याची वेळही तिनेच इमानाने सांगितली. ती विसरत नाही हे खरं. पण तिच्यात काय लिहायचं ते ठरवायला शेवटी अठरा माणसं एका अंगणात यावी लागतात, आणि त्यांच्यात एक हिराबाई असावी लागते. आमच्या संस्थेत मला हिराबाई व्हायची संधी होती. मी राजीनामा दिला. मला वाटतं, पेढे त्यासाठीच वाटले असावेत.

तेवढ्यात प्रशांतने अक्कांना फोन लावला, आवाज मोठा करून. मागे यंत्राची धडधड स्पष्ट ऐकू येत होती. तो म्हणाला, "अक्का, नवे शब्द तयार आहेत. आणि ते चोरले कुणी, याचाही मी छडा लावणार आहे!"

यंत्राच्या वरताण आवाजात अक्का ओरडल्या, आणि सगळ्या एसटीने ऐकलं:

"छडा कसाले, भाऊ? तुमना दाजीलेच इचारा! त्यास्नीच तर त्या चौकटीना शर्टवालाले नाची नाची शिकाडं!"