साचेखात्याचं दार

“तुनी थुकी लागेल धोटा आम्ही तोंडमा लिसूत का?”

धुळ्याच्या गिरणीत, साचेखात्याच्या दारात, कामगार भरणाऱ्या जॉबरने विणकाम मागायला आलेल्या माझ्या वडिलांना, आबांना, असं विचारलं. आतले लोक हसले. मग तो माझ्याकडे वळला. “पोऱ्याले इतलं शिकाडं ना, त्यालेच इचार.”

मी पुण्याच्या कॉलेजातून सुट्टीला आलो होतो. अंगात धुतलेला पांढरा सदरा. आबाच म्हणाले, “बरोबर शे, भाऊ.”

आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागतो. एकाच धोट्याला पाळीपाळीने अनेकांचं तोंड लागतं. म्हणून साचेखातं, म्हणजे विणकामाच्या मागांचं खातं, आम्हा महारांना बंद. आम्हाला फक्त सूतकताई. मंदी आली तेव्हा गिरणीने आधी तीच बंद केली, सूत बाहेरून आणू लागली. सगळ्यांत आधी आमची वस्ती घरी बसली.

वर्षाच्या आत साचेही थांबले. बातमी मला पुण्यात कळली आणि मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

आता दिवाळीला आलो तर शहर ओळखू येईना. भोंगा नाही. गिरणीसमोरची दुकानं बंद. त्या दिवशी हसलेली माणसं बोचकी घेऊन, बायकापोरांसकट, सुरतेची गाडी धरायला नरडाण्याच्या स्टेशनला पायी चाललेली. मला त्यांच्याकडे बघवेना.

काल संध्याकाळी तोच जॉबर आमच्याकडे आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. मालक साचे विकायला काढतोय, उद्या कामगारांची सभा आहे, म्हणाला. “भाऊ, तू शिकेल शे. आमना करता बोल. आपन बठ्ठा एकच शेतस.”

मी विचारलं, “गिरणी चालू झाली तर आबांना साच्यावर घ्याल?”

त्याने खाली पाहिलं. “ते मंग दखसूत.”

तो गेल्यावर आबा म्हणाले, “बोल रे बाबा. त्यास्ना पोरंबी उपाशी शेतस.”

आबांचं खरं आहे. ती पोरं मी रस्त्यावर पाहिली आहेत. रात्रभर डोळ्यांपुढून हलली नाहीत. पण मंग म्हणजे कधी?

मी आज सभेला जाणार. साचेखातं सगळ्यांना उघडं करा, ही मागणी आधी मांडणार. गिरणी वाचवा, ही नंतर. पहिली मांडू दिली नाही, तर दुसरीसाठी एक शब्द बोलणार नाही. अपराधी वाटेल. वाटू दे.