आमच्या टीमचा डॉक्टर, बोंडअळी

दिनेश गेला हे कळलं तेव्हा मी विचारलं होतं, "कोण दिनेश?"

तीन वर्षं दर रविवारी दुपारी आम्ही सोबत खेळलो. अन् मले त्याचं नाव माहीत नव्हतं.

आज त्याले जाऊन सहा वर्षं झाली. दरवर्षी लिहाले बसतो अन् खोडतो. मित्राबद्दल लिहून राह्यलो का अनोळखी माणसाबद्दल, तेच समजत नाही. यंदा जसं जमन तसं लिहितो.

मोबाइलवरचा एक ऑनलाइन गेम होता. सहा जणांची टीम, समोर राक्षस. मी सगळ्यात पुढं उभा राहून मार खायचो. मागं एक जण सगळ्याइच्या जखमा भरायचा. तो थांबला की मिनिटभरात अख्खी टीम खल्लास.

तो आमचा डॉक्टर. गेममधलं नाव बोंडअळी.

मी एकदा विचारलं, "काम डॉक्टरचं अन् नाव असं काहून बे?"

"भाऊ, आमच्या इकडं कपाशीत तिच्यावर कोणतंच औषध चालत नाही. म्हटलं आपणही असंच राहू, कोणाच्या बापाले मरत नाही."

लय हसलो होतो तेव्हा.

राक्षस मेला की सामान पडते, तलवारी, चिलखतं. त्याच्यावर टीममधले भले भले लोक तुटून पडत. मीही. बोंडअळी फक्त लिहायचा, "घ्या तुमी." आधी मले वाटे, शान मारून राह्यला. मंग वाटलं, भोळा आहे. अजूनही ठरलं नाही.

एकदा ऐन लढाईत तो गायब झाला. सगळे मेलो. एका नव्या मेंबरनं त्याले चॅटवर वाट्टेल ते सुनावलं. टीम माह्या हातात होती, मी त्या मेंबरले काढून टाकलं. अन् सगळ्याइले लिहिलं, "आपल्याकडं लाइट जाते. टॉवर जाते. वावरातून हाक येते. गेलेल्याले कोणी काही विचाराचं नाही. परत आला की खेळाचं."

सगळ्याइनं अंगठे दिले. मी स्वतःवर जाम खूश.

मंग ते वर्ष आलं. कापूस माणसाच्या डोक्यावर गेलता अन् बोंडांत गुलाबी अळी. जिकडंतिकडं फवारणी सुरू. मी यवतमाळचा, बाप कचेरीत. मले कापूस म्हणजे पेपरातला भाव.

त्या रविवारी बोंडअळी आला, पण खेळ काही धड नव्हता. मार मी खाऊन राह्यलो अन् हा औषध देऊन राह्यला मॅडमले. मॅडम म्हणजे टीममधल्याच, केळापूरच्या, शाळेत शिकवतात.

मी लिहिलं, "झोपीत आहे का बे?"

"भाऊ, बरोबर दिसून नाही राह्यलं. सकाळपासून सारं धुकं धुकं."

मी लिहिलं, "ग्राफिक्स कमी कर. ब्राइटनेस वाढव."

त्यानं लिहिलं, "केलं."

अन् गायब झाला. आम्ही मेलो. मी लिहिलं, "लाइट गेली असन."

पुढच्या रविवारी त्याची जागा रिकामी ठेवून पाच जणं खेळलो. कोणी काही विचारलं नाही. नियम माह्याच होता ना.

नवव्या दिवशी मॅडमनं चॅटवर पेपरचं कात्रण टाकलं. फवारणीत विषबाधा. छोटासा फोटो. "हा आपला दिनेश." त्यानं कधीतरी डी.एड.च्या फॉर्मचं मॅडमले विचारलं होतं, म्हणून त्याइले नाव अन् गाव माहीत.

मी काय लिहिलं, ते वर सांगितलंच.

बातमीत होतं, सकाळी फवारून आला, संध्याकाळी पडला. पाच दिवस यवतमाळले दवाखान्यात होता. तो दवाखाना माह्या घरापासून चालत दहा मिनिटं. त्या पाच दिवसांत मी रोज त्याच्यापुढून दूध आणाले गेलो.

ओळखीच्या एका डॉक्टरले विचारलं, अंधुक दिसणं म्हणजे काय? तो म्हणे, विष भिनल्याचं पहिलं लक्षण. म्हटलं, तेव्हाच दवाखान्यात नेलं असतं तर? तो म्हणे, सांगता येत नाही.

डॉक्टर 'वाचला असता' म्हणला असता, तं मी एकीकडं लागलो असतो. 'नसता वाचला' म्हणला असता, तरी लागलो असतो.

मी अन् मॅडम त्याच्या घरी गेलो. एसटीनं महागाव, तिथून काळीपिवळीनं फुलसावंगी, पुढं बंजारा तांड्यापर्यंत पायी. बाप बाजेवर बसून होता. आई, ते लोक याडी म्हणतात, तिनं पाणी दिलं.

बाप म्हणे, "कोण तुमी?"

मॅडमनं सांगितलं, मोबाइलवर सोबत खेळत होतो.

"त्या दिवशीही?"

मी म्हटलं, "हो काका. बरोबर दिसत नाही म्हणे तो."

बाप माह्याकडं पाहतच राह्यला. "आमाले तं बोलला नाही. घरात कोणालेच बोलला नाही. तुमालेच सांगतलं?"



मंग याडीनं विचारलं, "अन् तू काय म्हणला त्याले?"

मी म्हटलं, "म्हटलं, लवकर दवाखान्यात जा."

याडीनं माह्या डोक्यावर हात ठेवला. म्हणे, "तू तं सांगतलं होतं बेटा. त्यानंच आयकलं नसन."

मॅडम तिथंच होत्या. त्या रविवारचं चॅट त्याइनंही वाचलं होतं. वापस येताना एसटीत दुसऱ्या सीटवर जाऊन बसल्या.

सहा वर्षं त्या माउलीले वाटून राह्यलं, की कोणीतरी सांगूनही तिच्या पोरानं आयकलं नाही.

दिनेशचा भाऊ माह्या फ्रेंडलिस्टमध्ये आहे. भाऊ, हे सारं याडीले वाचून दाखव. दिनेशची काही चूक नव्हती. मी खोटं बोललो. त्यानं सांगितलं होतं, मीच आयकलं नाही.

दिनेश, मित्र म्हणाचा हक्क मले आहे का नाही, माहीत नाही. तरी मनापासून श्रद्धांजली.