कुंडलला कुठला प्रोसेसर पाठवू?

मला आधी एक सांगा, माणसानं विश्वास ठेवायचा तरी कुणावर? विकणाऱ्यावर, वापरणाऱ्यावर, की वाचून आलेल्यावर? मी स्वतः विकणारा आहे, त्यामुळे पहिल्याचं मला सांगू नका!

कराडात माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. शाळेशी माझं फारसं जमलं नाही, जे काय शिकलो ते स्क्रू ड्रायव्हर हातात धरून. काउंटरखाली एक खोकं आहे, त्यात जुन्या केबली टाकलेल्या असतात. एक ओढायला जावं तर तिच्याबरोबर गुंत्यातल्या दहा बाहेर येतात. दुकानातल्या किस्स्यांचंही तसंच असतं. हे सगळे किस्से एका प्रोसेसरपायी बाहेर आलेत, आणि गुंता अजून माझ्या हातातच आहे.

*

सुरुवात झाली व्याह्यांच्या फोनानं. आमची रूपाली कुंडलला दिलीय. तिचे सासरे आबा गावातल्या दूध संस्थेचे चेअरमन. संस्थेचा कॉम्प्युटर बसला होता.

"पावणं, आमाला सर्व्हर पायजे," आबा म्हणाले. "साधाबिधा न्हाई. सर्व्हर!"

"आबा, दूध मोजायला सर्व्हर कशाला?"

"शेजारच्या गावच्या संस्थेनं घेतलाय."

पण माझी धाकधूक वेगळीच होती. डेअरीत त्या कॉम्प्युटरवर आमची रूपालीच बसते. माणूस काट्यावर दूध ओततो, मशीन त्याची फॅट मोजतं, आकडे कॉम्प्युटरमध्ये जातात आणि पावती बाहेर येते. पावती अडली की मागं किटल्या घेऊन लाईन लागते. आणि लाईनीत उभा राहिलेला माणूस काय म्हणणार? "सूनबाईच्या म्हायारचा कंप्युटर हाय न्हवं? मग आसंच!" तो कॉम्प्युटर बंद पडला तर बोल माझ्या लेकीला बसणार. दुकानाचं काय, ते सहन करतंच.

तर प्रश्न एवढाच होता. सर्व्हरचा प्रोसेसर द्यायचा, की साधा डेस्कटॉपचा?

*

फरक मी आबांना फोनवर समजावून सांगितला. म्हटलं, सर्व्हरचा प्रोसेसर म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या थंडगार खोलीत रात्रंदिवस राबणारा गडी. कंपनीनं नवा घेतला की जुना बाजारात येतो आणि स्वस्तात मिळतो. डेस्कटॉपचा असतो नवा कोरा, वॉरंटीचा. त्याच्यात कोअर, म्हणजे काम करणारे हात, कमी, पण एकेक कोअर चपळ.

आबा म्हणाले, "म्हंजे सर्व्हर रिटायर हून आलेला आसतोय म्हना की!"

"तसंच समजा."

"मग त्येच द्या! मिलिटरीतनं रिटायर झालेला गडी ब्यांकेच्या दारात किती झ्याक हुबा ऱ्हातोय बगा!"

*

आमच्या दुकानात संध्याकाळी दोघं जण हमखास असतात. एक उंब्रजचे अण्णा, सीसीटीव्ही बसवायचा त्यांचा धंदा. दुसरे सुभेदार, सैन्याच्या सिग्नलमधून रिटायर झालेले. दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी कधी पाहिलं नाही. चहात आलं घालायचं की नाही, यावरही नाही.

मी विषय काढायचा अवकाश, अण्णा म्हणाले, "सर्व्हरच दे. आवं, अठरा कोअर हायती त्येच्यात! अठरा!"

सुभेदारांनी कप खाली ठेवला. "अण्णा, डेअरीत काटे किती?"

"एक."

"एका टायमाला दूध घालणार किती जण?"

"एकच की."

"मग कामाला लागला एक कोअर. बाकीचे सतरा काय करणार?"

अण्णा अडखळतील तर शपथ! म्हणाले, "आवं सुभेदार, बाकीचे सतरा वट ठेवतील!"

*

शेवटी म्हटलं, बोलून कळत नाही तर बांधून बघू. सांगलीच्या होलसेलवाल्याकडून सर्व्हरचा प्रोसेसर आणि त्याचा बोर्ड मागवला. सगळं जोडलं. बटण दाबलं. पंखा फिरला, दिवे लागले, पण स्क्रीन काळी ठिक्कर!

मॉनिटर बदलला. केबल बदलली. रॅम काढून पुसून परत बसवली. सुभेदारांनी स्वतः उभं राहून दुसरी केबल लावून बघितली. अण्णांनी समोरच्या भाजीवालीकडून लिंबू-मिरची आणून कॅबिनेटला बांधली. कशालाच दाद नाही. हेच कुंडलला झालं असतं तर?

शेवटी सांगलीला फोन लावला. तो म्हणतो, "शेठ, त्या प्रोसेसरच्या पोटात स्क्रीनवर चित्र दाखवायची सोय नसतेच. डेस्कटॉपवाल्यात बहुतेक वेळा असते. ह्याला ग्राफिक्स कार्ड वेगळं घालावं लागतं."

"अरे, मग आधी सांगायचं नाही?"

"तुम्ही सर्व्हर मागितला. म्हटलं, सर्व्हरकडं कोण बघत बसतंय!"

*

कार्ड घातलं, चित्र आलं. अण्णा आजही म्हणतात की लिंबू-मिरचीनंच आलं.

मग मी आबांना फोनवर सर्व्हरचा एक गुण सांगायला गेलो. हे माझं चुकलंच. म्हटलं, "आबा, ह्याची रॅम वेगळी असते. आकडे साठवताना बारीक चूक झाली, तर ती आपली आपण दुरुस्त करते."

"आपली आपन?"

"आपली आपण."

आबांनी फोनवर हात ठेवला असणार, पण आवाज सगळा ऐकू येत होता. ते डेअरीतल्या कुणाला तरी सांगत होते, "व्याही म्हनत्यात, चुका दुरुस्त करतंय." लगेच मागून कुणीतरी ओरडलं, "मग आमच्या म्हशीची फॅट कमी लागतीया, ती दुरुस्त करंल का इचारा!"

आबा घाईघाईनं परत फोनवर आले. "पावणं, त्ये दुरुस्तीचं काय आसंल त्ये काढून टाका. न्हाईतर समदं गाव रोज दुरुस्ती मागंल!"

*

आमच्याकडं इंजिनिअरिंग कॉलेजचे एक सर माऊस घ्यायला येतात. वाचलेला माणूस! मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारलं, "सर, दूध संस्थेला कुठला द्यावा?"

सर म्हणाले, "ते वर्कलोडवर डिपेंड आहे."

"दुधाचा वर्कलोड."

"हां, पण त्यात सिंगल थ्रेड किती, मल्टी थ्रेड किती, मेमरी बँडविड्थ किती, त्यावर डिपेंड आहे." मग सरांनी काउंटरवरच्या कॅलेंडरच्या पाठीमागं दोन आकृत्या काढल्या. एक सर्व्हरकडं झुकायची, दुसरी डेस्कटॉपकडं. आकृत्या इतक्या सुबक होत्या की मला दोन्ही पटल्या.

"सर, तुमच्या घरी कुठला आहे?"

सर उठले, माऊस खिशात घातला. "घरी? घरी मी सगळं मोबाईलवरच करतो हो."

*

दोन्ही कॉम्प्युटर बांधून दुकानात शेजारी शेजारी चालू ठेवले. सर्व्हरला त्या सांगलीवाल्यानं मोठ्या कंपन्यांत लावतात तसलाच पंखा दिला होता. तो एकदा सुरू झाला की गिऱ्हाईक काय बोलतंय ते ऐकू येईना. एक मावशी दळणाचा डबा घेऊन थेट आत आल्या. चारी बाजूला बघून म्हणाल्या, "गिरणी हिकडं हलवली व्हय?"

त्याच दुपारी लाईट गेली. दोघांनाही मी सारख्याच बॅटऱ्या लावल्या होत्या. सर्व्हरच्या बॅटरीनं थोड्या वेळात रडायला सुरुवात केली आणि मान टाकली. डेस्कटॉप मात्र लाईट येईपर्यंत निवांत चालू.

सुभेदार म्हणाले, "रेशन दहा जणांच्या एका सेक्शनचं आणि जेवायला बसली अख्खी बटालियन. दुसरं काय होणार?"

मला वाटलं, चला, ठरलं. डेस्कटॉप! तेवढ्यात अण्णा म्हणाले, "पण शेठ, व्याह्यांनी सर्व्हर मागितलाय. तुमी साधा धाडला, तर त्ये म्हनतील लेकीच्या गावाला हलका माल धाडला."

झालं! परत पहिल्यापासून.

*

ह्यावर मी माझ्या बुद्धीनं तोडगा काढला. आजवर दुकान ह्याच बुद्धीवर चाललंय, म्हणून सांगतो. दोन्ही पाठवायचे!

गणपती बसायच्या आधी मी स्वतः कुंडलला गेलो आणि डेअरीत दोन्ही जोडून दिले. सर्व्हरला मोठी बॅटरी आणि आवाज न करणारा पंखा घालून नेला. आबांना म्हटलं, "थोडे दिवस ह्याच्यावर काम करा, थोडे दिवस त्याच्यावर. दसरा झाला की येतो. जो नीट चालेल तो ठेवा, दुसरा मी परत नेतो. पैसे ठेवलेल्याचेच."

रूपालीला बाजूला घेऊन म्हटलं, "कुठला कधी बंद पडला ते खरं खरं सांगायचं. बापाची बाजू घ्यायची नाही."

ती हसली. "आणि सासऱ्यांची?"

"ती तर अजिबात नाही!"

परत येताना गाडीत मला वाटत होतं, आता कळेल. आता कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. जे काय आहे ते डोळ्यांनी दिसेल.

*

दसरा झाल्यावर गेलो. मुद्दाम संध्याकाळच्या दुधाच्या वेळेला गेलो. बाहेरूनच कानोसा घेतला. किटल्यांचा आवाज, काट्याची टिकटिक, पावत्या सटासट निघतायत. लाईन अशी नाहीच. एक म्हातारबा पावती कनवटीला लावत मला म्हणाले, "लय झ्याक चाललंय बगा पावणं, तुमचं सर्व्हर!"

माझा जीव भांड्यात पडला. आत डोकावलो, तर रूपाली डेस्कटॉपवर बसलेली! कीबोर्डवर प्लॅस्टिकची पिशवी, कॅबिनेटवर दुधाचे शिंतोडे, वर कुणाची तरी टोपी ठेवलेली. आणि गडी बिनतक्रार चाललेला.

"सर्व्हर कुठाय गं?"

तिनं मानेनंच आतल्या ऑफिसकडं खूण केली.

ऑफिसात काचेचं कपाट. त्यात संस्थेला मिळालेल्या ढाली, आणि ढालींच्या मधोमध आमचा सर्व्हर. अंगावर शाल, पुढ्यात नारळ, कपाळाच्या जागी हळदकुंकू आणि झेंडूचा वाळलेला हार.

"आबा, हा बंद आहे!"

"मग? तितं दूध उडतंय, वले हात लागत्यात. व्याह्याच्या घरनं आलेली वस्तू आशी कशी कामाला लावायची? रुखवतातली भांडी कुनी चुलीवर चढवतंय का? सभेत सत्कार केला त्येचा. समद्यांनी टाळ्या वाजवल्या."

"एकदाही चालू केला नाही?"

"कशाला झिजवायचा?"

मी मनात म्हटलं, बरंच झालं. प्रश्न आपोआप सुटला. चाललेला इथं राहील, हा आपण घेऊन जाऊ. मी शालीला हात घातला, तर आबांनी माझं मनगट धरलं.

"आवं पावणं, ह्यो ऱ्हाऊ द्या. त्यो न्या की!"

"कुठला तो?"

"सूनबाईच्या म्होरला. वापरून झालाय त्यो आता. शिवाय ऐन दसऱ्याच्या सांजंला बंद पडलावता. लाईन पार रस्त्यापतूर गेली. लोकं लय बोलली सूनबाईला."

ज्याची भीती होती तेच झालं होतं. तेवढ्यात रूपाली चहा घेऊन आली. मी विचारलं, "काय झालं होतं गं दसऱ्याला? खरं सांग."

तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा सासऱ्यांकडं. मग ट्रे खाली ठेवत म्हणाली, "काय नाही पप्पा. सर्व्हरवर लायटिंगची माळ सोडायची होती. बॅटरीच्या बोर्डात जागा नव्हती, म्हणून आबांनी त्यातली माझ्या कॉम्प्युटरची पिन काढली."

मी आबांकडं बघितलं. आबा बशीत चहा ओतत होते. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"त्ये काय का आसंना," आबा म्हणाले. "तुमी यापारी मानूस, पावणं. हिशोब खरा ठिवा. त्यो एकदा बंद पडला. ह्यो एकदा बी न्हाई!"