तेहतीस नळ्यांची तोफ

"पोरगी मुकी हाय वाटते," काकू नवऱ्याच्या कानाशी म्हणाल्या. मी हातभर अंतरावर उभी होते.

अकोल्यातल्या त्या प्रदर्शनात बोलणं हेच माझं काम होतं. पाचशे वर्षांपूर्वी इटलीतल्या एका चित्रकाराने कागदावर काढलेल्या तोफा आणि हवेत फुटून तुकडे उधळणारे गोळे, यांचे लाकडी नमुने टेबलांवर मांडलेले. माझा पहिला दिवस चाचणीचा होता. जमलं तर महिनाभर काम, नाहीतर संध्याकाळच्या एसटीने अमरावतीला परत, असं प्रदर्शन भरवणाऱ्या सरांनी सांगितलं होतं. दुपारपर्यंत मी फक्त "प्लीज, हात लावू नका" एवढंच बोलले होते. इंग्रजीतलं भाषण घडाघडा पाठ होतं. मराठीत सांगायचं म्हटलं की गोळ्यावरून गोळाभात आठवे आणि तोंड बंद होई.

काका बार्शीटाकळीकडचे शेतकरी. तेहतीस नळ्यांच्या तोफेपुढे ते वाकून बसले.

"हे पाय," ते काकूंना म्हणाले, "अकरा-अकराच्या तीन रांगा. एक उडवाची, तवर दुसरी थंडी होते, तिसरीत दारू भराची. आपल्या डुकरं हाकलाच्या पाइपाले एकच तोंड. एकदा उडवला का मंग बसा वाट पायत."

"तवर डुक्कर हरभरा खाऊन घरी," काकू म्हणाल्या.

माझं चार पानांचं भाषण त्यांनी चार वाक्यांत संपवलं होतं. मग काकांनी बोटाने रांगा फिरवून पाहिल्या. हलल्या नाहीत.

"फिरत नाई. मंग तिकडच्या दोन रांगा का शोभेच्या?"

सर दाराशी उभे राहून ऐकत होते. कंपनीकडून सुट्या भागांत आलेला तो नमुना त्या सकाळी मीच जोडला होता. रांगा ज्याभोवती फिरतात तो कणा डुगडुगत होता. आमच्या शाळेत वस्तू डुगडुगली की गुण जायचे, म्हणून मी तो चांगला दोन वेळा गोंद लावून पक्का केला होता. फिरणं हाच त्या तोफेचा सगळा जीव, हे माझ्याच भाषणाच्या दुसऱ्या पानावर होतं.

"कंपनीतूनच असं आलं असन," सर म्हणाले.

मान डोलावली असती तरी भागलं असतं. डोलावण्यात मी तरबेज आहे.

"नाही काका," मी म्हणाले, "मीच चिकटवली. तुम्ही खालून घट्ट धरा, मी सोडवते, मग तिन्ही रांगा फिरवून दाखवते."